वीजबिल फुगून आले तर
२०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीनंतर नागपुरात घरोघरी तीन-तीन महिन्यांची वीजबिले एकदम आली नि लोकांचे डोळे पांढरे झाले. असे बिल आले की आपला माणूस मुकाट्याने भरतो, नाहीतर भिरकावून देतो. दुसरे तर फारच वाईट!

वीज कायदा २००३, कलम ५६ आम्ही मुद्दाम वाचले. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरावी. मग तंटा मिटेस्तोवर लाईन तोडता येत नाही.

अर्ज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे करावा; तिथे भागले नाही तर विद्युत लोकपालाकडे. लोकपालाचे कार्यालय नागपुरातही आहे. अर्जाची पोच घ्या, मीटरचा आकडा टिपून ठेवा.