प्रदर्शन उतरवायचा दिवस आधी ठरवा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेचे चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? सभागृहात बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर चिमट्यांनी लटकवलेले कागद, दाराशी रांगोळी आणि फीत कापायला आलेले पाहुणे. संध्याकाळी सगळे गुंडाळले की काम संपले. पण हेच प्रदर्शन कुंपणाबाहेर, नदीकाठी, बाजारात किंवा वेशीवर मांडायचे ठरवले की सगळे गणित बदलते. ती जागा आधीपासून कोणाच्या तरी वापरात असते. हे मी पुस्तकात वाचून नव्हे, चूक करून शिकलो.

कृष्णाकाठच्या एका गावात मी चित्रकला शिकवत होतो. २००९ साली ‘आपली नदी’ हा विषय घेऊन आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर मासे, कासवे, बगळे रंगवले. रंग टिकावा म्हणून ऑइलपेंट वापरला. उद्घाटन झाले, फोटो निघाले, मुले खूश. चौथ्या दिवशी धुणे धुणारी एक मावशी रंगवलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. वाळलेल्या ऑइलपेंटवर पाणी पडले की तो साबणासारखा निसरडा होतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. चार घरची धुणी करून पोट भरणारी बाई. तिचा हात दीड महिना गळ्यात. मी भेटायला गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, चित्रं लई झ्याक हुती. पर आमास्नी इचारलं असतं, तर कुठली पायरी सोडायची त्ये सांगितलं असतं की.”

औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मी दिली. पुढचे दोन रविवार मुले आणि मी तारेचे ब्रश घेऊन पायऱ्या घासत होतो. खरवडलेले पापुद्रे नदीत जाऊ नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरत होतो. नाव पर्यावरणाच्या प्रदर्शनाचे, आणि नदीला धोका आमच्याच रंगाचा!

तेव्हापासून मी नियोजनाची सुरुवात चित्राने करत नाही, जागेने करतो. निवडलेल्या जागी मुलांना चार वेळा पाठवतो : पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी. तिथे कोण बसते, गुरे कुठून जातात, सावली कुठे पडते, पाणी कुठवर येते, हे वहीत उतरवायचे. मग जागा कोणाची ते पाहायचे. ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची, देवस्थानाची की खासगी? ज्याची असेल त्याची परवानगी लेखी घ्यायची. पण परवानगी देणारा वेगळा आणि जागा वापरणारा वेगळा असतो, हे विसरू नये. म्हणून आमच्या समितीत सरपंचांबरोबर धुणेवाल्या मावशी असतात, गुराखी असतो, कोपऱ्यावरचा चहावालाही असतो.

दुसरी गोष्ट, उतरवण्याचा दिवस. उद्घाटनाची तारीख सगळेच ठरवतात. मी आधी शेवटची तारीख लिहितो. प्रत्येक मुलाला विचारतो, “तुझी कलाकृती नवव्या दिवशी कुठे जाणार?” उत्तर नसेल तर साहित्य बदलायचे. या एका प्रश्नाने थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस आपोआप बाद होतात. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. उरतात ती माती, बांबू, सुतळी, गेरू, चुना, गवत. झाडाला खिळा मारायचा नाही. सुतळीने बांधायचे आणि सुतळीही नंतर सोडायची.

हे आपल्याला परके नाही. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, हे काढणारीला ठाऊक असते. वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने गेरू-शेणाच्या भिंतीवर काढतात, तोही कायमचा टिकावा म्हणून नसतो.

मात्र प्रत्येक कलाकृती पुसायचीच असे नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात योसेफ बॉइस या कलावंताने १९८२ साली संग्रहालयासमोर बेसाल्टचे सात हजार खांब ढीग करून ठेवले. अट एकच : शहरात एक ओक लावला की ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. ढीग जितका कमी, तितके काम पुढे सरकले. ते रोज डोळ्यांना दिसत होते. १९८६ मध्ये बॉइस वारले. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले. कलावंत गेल्यावरही काम पुरे होईल, अशी ती योजना होती. टिकाऊ काही करायचे असेल, तर ते नंतर कोण सांभाळणार हे असे आधी ठरलेले हवे.

आता बारीकसारीक गोष्टी. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी सोयीचा. पाऊस गेलेला असतो, परीक्षा दूर असते. तयारीला तीन महिने हवेत. फलक मोठ्या अक्षरात, चार ओळींचा आणि बसक्या मुलालाही वाचता येईल इतक्या उंचीवर असावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक विद्यार्थी उभा ठेवावा, त्याने पाठ केलेले भाषण न म्हणता आधी पाहुण्यालाच विचारावे, “तुम्हांला इथलं काय आठवतं?” काच, टोकदार तार आणि उंचावर अधांतरी टांगलेले काहीही नको. हिशेब फळ्यावर लिहून ठेवावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आमच्याकडे पाणी २००५ च्याही वर चढले. जानेवारी २०२० मध्ये आम्ही गावभर ‘पाण्याची रेघ’ हे प्रदर्शन मांडले. घरमालकाने पाणी कुठवर आले ते दाखवायचे, मुलांनी तिथे गेरूची रेघ ओढायची आणि शेजारी त्या घराची आठवण खडूने लिहायची. कोणी वाहून गेलेल्या म्हशीबद्दल सांगितले, कोणी भिजलेल्या वह्यांबद्दल. एका आजींनी मात्र हात जोडले. म्हणाल्या, “बाळांनो, माझ्या भिंतीवर नको. मला रोज बघवायचं न्हाई.” मुले हिरमुसली, कारण गल्लीतली सलग रेघ तिथे तुटत होती. मी ती तशीच तुटू दिली. त्या कोऱ्या भिंतीसमोर लोक थांबून “इथं का नाही?” असे विचारत, आणि मुले हळू आवाजात कारण सांगत.

नवव्या दिवशी ठरल्याप्रमाणे ओली फडकी घेऊन आम्ही रेघा पुसायला निघालो. ज्यांना ठेवायची होती त्यांची ठेवली. घाटाजवळच्या घरात तीच मावशी दारात बसली होती. तिच्या दाराच्या चौकटीवर रेघ होती. मुलाने फडके उचलले तशी ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. यंदाचं पाणी कुठवर येतंय ते ताडायला ऱ्हाऊ दे.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “घर त्यांचं आहे. त्यांना विचार.”