विरामचिन्हांतील चेहरा : इमोटिकॉन, मेंदू आणि वाचनसंकेत

चिन्हमीमांसेत संकेताने अर्थ देणारे प्रतीक आणि साम्याने अर्थ देणारे प्रतिमाचिन्ह असा भेद चार्ल्स सँडर्स पर्स यांच्यापासून रूढ आहे. ‘झाड’ या शब्दाचे झाडाशी साम्य नसते. झाडाच्या चित्राचे असते. इमोटिकॉन यांपैकी कोणत्या वर्गात मोडते? त्यात चेहरा दिसतो, म्हणून ते प्रतिमाचिन्ह ठरावे, असे प्रथमदर्शनी वाटते. मेंदूविज्ञानातील संशोधनाने मात्र हे उत्तर गुंतागुंतीचे केले आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी :-) ही खूण विनोदासाठी आणि :-( ही खूण विनोद नसलेल्या मजकुरासाठी सुचविली. संगणकावरील लेखी संवादात थट्टेने लिहिलेले विधान गंभीर समजले जाई. तो घोटाळा टाळणे हा हेतू होता. बोलणाऱ्याचा स्वर आणि मुद्रा लेखनात हरवतात, ही वाङ्मयव्यवहारातील जुनीच अडचण येथे विरामचिन्हांनी सोडविली.

चेहरा ओळखण्याची प्रवृत्ती काही अंशी उपजत असते. नवजात अर्भके चेहऱ्यासारख्या आकृतीकडे विस्कळीत आकृतीपेक्षा अधिक वळतात, असे १९७५ मधील एका अभ्यासात दिसून आले होते. प्रौढ व्यक्तीने चेहरा पाहताच सुमारे १७० सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या पश्चभागी एक ठळक विद्युत्-प्रतिसाद नोंदला जातो. त्यास ‘एन१७०’ म्हणतात. डोळे, नाक व तोंड यांच्या परस्परसंबंधातून चेहरा एकसंध आकृती म्हणून ग्रहण केला जाण्याशी या प्रतिसादाचा संबंध जोडला जातो.

ऑस्ट्रेलियातील ओवेन चर्चेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खरे चेहरे, इमोटिकॉन आणि निरर्थक चिन्हमालिका सुलट्या व उलट्या दाखविण्यात आल्या. सुलट्या इमोटिकॉनला खऱ्या चेहऱ्याप्रमाणेच मोठा एन१७० प्रतिसाद मिळाला. उलटा केल्यावर खऱ्या चेहऱ्याचा प्रतिसाद वाढला. इमोटिकॉनचा मात्र घटला. या फरकाचा उलगडा असा केला जातो : उलट्या चेहऱ्यातही डोळा हा डोळाच राहतो आणि नाक हे नाकच, त्यांची स्वतंत्र ओळख टिकते. इमोटिकॉनचे घटक स्वतःहून चेहऱ्याचे अवयव नसतात. परिचित क्रम मोडला की अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस आपल्या मूळ रूपात परततात.

येथे संकेताचा वाटा स्पष्ट होतो. कोणतेही अर्भक कंसाला हास्य समजत नाही. ती ओळख १९८२ नंतरच्या वाचकसमूहाने वापरातून घडविली, आणि तरीही ती चेहऱ्यासाठीच्या त्याच त्वरित ग्रहणप्रक्रियेत सामावली गेली. म्हणजे साम्याची जाणीवही येथे शिकून आलेली आहे. प्रतीक आणि प्रतिमाचिन्ह यांमधील सीमा वाचकाच्या सवयीनुसार सरकते.

सर्व वाचकसमूहांची सवय एकच नसते. फालमन यांची खूण मान कलती करून वाचावी लागते आणि तिचा भाव मुख्यतः तोंडात असतो. जपानमध्ये रूढ झालेली (^_^) ही खूण सरळ उभी असून तिचा भाव डोळ्यांत असतो. मासाकी युकी आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासातही भाव ओळखताना जपानी सहभागींनी डोळ्यांना, तर अमेरिकी सहभागींनी तोंडाला तुलनेने अधिक महत्त्व दिल्याचे आढळले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी घ्यावी लागते. इमोटिकॉन ही भाषांतराची गरज नसलेली वैश्विक लिपी होय, हे गृहीतक टिकत नाही. हास्य ओळखण्याची क्षमता सर्वत्र असली, तरी कोणत्या खुणेत हास्य पाहावे हे वाचनाची परंपराच ठरविते. म्हणून या तीन विरामचिन्हांचेही भाषांतर करावे लागेल.