देवगुराडिया : कचऱ्याचा डोंगर होता तिथे

इंदूरहून नेमावर रस्त्याने निघालं की शहर संपता संपता देवगुराडियाची टेकडी लागते. टेकडीवर शंकराचं जुनं देऊळ आहे. नंदीच्या मुखातून पिंडीवर पाणी पडतं, महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, असं इथली मराठी मंडळी आवर्जून सांगतात. पण दहा वर्षांपूर्वीच्या इंदूरकराला देवगुराडिया म्हटल्यावर देवळाआधी आठवायचा तो इथला वास. महापालिकेचं ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे आपल्याकडचा कचरा डेपो, याच परिसरात आहे. शहराचा सगळा कचरा, भाजीच्या देठांपासून फुटक्या बादल्यांपर्यंत, वर्षानुवर्षे इथे एकावर एक पडत गेला. शंभरेक एकरांवर पसरलेला हा साठा 13 लाख टनांच्या आसपास होता.

अशा ढिगाचा खरा उपद्रव डोळ्यांना दिसत नाही. उरलेलं अन्न आणि भाजीपाला उघड्यावर कुजला तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच माल वीस-तीस फूट कचऱ्याखाली दबला, की तिथवर हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून अधिक. डेपोंना लागणाऱ्या आगींनाही हाच वायू खतपाणी घालतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनार पेटलं तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता.

देवगुराडियाचा ढीग 2018 मध्ये हलवला गेला. हलवला म्हणजे दुसरीकडे नेऊन टाकला नाही. आधी तो उकरून, पालथा घालून वाळू दिला, मग ट्रॉमेल नावाच्या फिरत्या चाळण्यांतून चाळला. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, प्लास्टिक आणि चिंध्या वेगळ्या. याला बायोमायनिंग म्हणतात. ठेकेदाराकडून करून घेतलं तर 60-65 कोटी लागतील असा अंदाज होता. तेव्हाचे आयुक्त आशीष सिंह यांनी यंत्रं भाड्याने घेतली, महापालिकेची माणसं दोन पाळ्यांत कामाला लावली आणि दहा कोटींच्या आत काही महिन्यांत काम उरकलं. सरकारी कामाचा अंदाज आणि खर्च यांतला फरक सहसा उलट्या दिशेने असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवायचं.

मोकळ्या झालेल्या जागेतल्या सुमारे 15 एकरांवर आता बायो-सीएनजी प्रकल्प आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. गाड्या खड्ड्यात रित्या होतात, तिथून कचरा चाळून, दळून त्याचा पातळ रबडा होतो आणि तो हवाबंद टाक्यांत जातो. आत चालतं ते गोबरगॅसचंच काम, फक्त अवाढव्य प्रमाणावर. तयार होणाऱ्या वायूत निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू काढून टाकला, की तो गाडीत भरण्याजोगा होतो. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला 17 हजार किलो सीएनजी आणि 100 टन सेंद्रिय खत, असं हे गणित आहे. निम्मा वायू महापालिका शहर बससाठी बाजारभावापेक्षा किलोमागे पाच रुपये स्वस्त घेते. प्रकल्प खासगी गुंतवणुकीतून उभा आहे, आणि कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देते. कचरा उचलण्याचे आणि जिरवण्याचे पैसे मोजायची सवय झालेल्या आपल्या नगरपालिकांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

एवढा मिथेन मोकळा सुटला असता तर? ढोबळ हिशेबाने रोज साडेचारशे टन कार्बन डायऑक्साइडइतकी भर पडली असती. पण डेपोतला कचरा सावकाश कुजतो आणि वरच्या मातीत थोडा मिथेन जिरतोही. त्यामुळे प्रकल्पातून वर्षाला 1 लाख 30 हजार टन उत्सर्जन वाचतं हा अधिकृत दावा पटण्याजोगा वाटतो; अर्थात टाक्या पूर्ण भरत असतील आणि कुठे गळती नसेल, तरच. मिथेनची गळती हा अशा प्रकल्पांचा नाजूक भाग असतो. थोडी टक्केवारी निसटली तरी कमाईतला बराच वाटा जातो. इथल्या झळाळत्या फलकांवर त्याबद्दल काही लिहिलेलं नसतं.

आता खरा प्रश्न. अशा टाक्या भारतात पहिल्यांदा बांधल्या गेल्या का? मुळीच नाही. लखनौमध्ये दोन दशकांपूर्वी कचऱ्यापासून वायू आणि वीज करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि बंद पडला; येणाऱ्या कचऱ्यात माती, काच, प्लास्टिक सगळं एकत्र असे. पुण्यात पाच-पाच टनांचे छोटे प्रकल्प प्रभागांत बांधले गेले, त्यांतले बरेच रखडले. देवगुराडियाच्या टाक्यांमध्ये वेगळं असं काही नाही. वेगळा आहे तो त्यांत पडणारा कचरा.

त्याची सुरुवात टाक्यांच्या बऱ्याच आधीची. महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह यांच्या काळात दोन वॉर्डांत दारोदार कचरा उचलायला सुरुवात झाली, मग ती शहरभर नेली. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 मध्ये पंचविसावं असलेलं शहर पुढच्याच वर्षी पहिलं आलं. मधल्या काळात चौकाचौकांतल्या कचराकुंड्या काढून टाकल्या गेल्या. हे वाटतं तेवढं साधं नाही. कुंडी गेली म्हणजे गाडी चुकवून चालत नाही, ना घरच्याला ना महापालिकेला. गाड्यांना आधी ओल्या-सुक्याचे कप्पे होते, पुढे ते सहा झाले: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, डायपर-पॅडसारखा आरोग्याचा कचरा आणि रंग-औषधांसारखा घातक कचरा. मिसळलेला कचरा गाडीवाला घेत नाही. रस्त्यावर टाकला तर दंड. दंडाबद्दल कुरकुर झाली, अजून होते. गाडीवर शान यांनी गायलेलं गाणं वाजतं, ते पोरांना पाठ असतं. वाटेतल्या हस्तांतरण केंद्रांवर ओला आणि सुका वेगवेगळा दाबून मोठ्या गाड्यांत भरतात. अनेक शहरांत घरोघरी वेगळा केलेला कचरा नेमका याच टप्प्यावर एक होतो आणि गृहिणीची मेहनत वाया जाते.

महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची अभ्यासमंडळं इथे येत असतात. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला: प्रकल्पाचं सादरीकरण, टाक्यांसमोर फोटो, रात्री सराफ्यात खाणं. यायचंच असेल तर एक मुक्काम वाढवावा. सकाळी पोहे-जिलबीच्या आधी एखाद्या साध्या वस्तीत, राजवाड्यामागच्या बोळात म्हणा, कचऱ्याच्या गाडीमागे तासभर चालावं. कोण काय परत पाठवतं, कोण हुज्जत घालतं, पॅडची पुडी कुठल्या कप्प्यात जाते, आणि आपल्या गावच्या गाडीला तेवढे कप्पे आहेत का, हे बघावं. टाक्यांचे नकाशे मागितले तर कंपनी देईलही. ते नंतर टपालानेही येऊ शकतात.