झोताला सीमा कळत नाही

आता आयर्लंडचंच बघा. डब्लिनमधला माणूस घरावर डिश लावतो, ती पूर्व रेखांश 28.2 अंशांवरच्या अ‍ॅस्ट्रा उपग्रहांकडे वळवतो आणि बीबीसी, आयटीव्ही बघतो. कार्ड नको, वर्गणी नको. या दोघांनी 2003 साली उपग्रहावरचं कुलूपच काढलं. ब्रिटन भिजवायचं आणि शेजारचं आयर्लंड कोरडं ठेवायचं, हे त्या झोताला जमत नाही. शिवाय उत्तर आयर्लंड त्याच बेटावर!

मग हा प्रेक्षक चोर का? बीबीसीचा खर्च ब्रिटिश परवाना-शुल्कातून निघतो, तो हा भरत नाही, हे खरं. पण कुलूप नसलेलं, अंगणात आपसूक पडलेलं घेतलं तर आम्ही त्याला चोरी म्हणणार नाही.

गंमत पुढेच आहे. आरटीई ही आयर्लंडची सार्वजनिक वाहिनी. तिने घेतलेल्या कार्यक्रमांचे हक्क बहुधा देशापुरतेच, म्हणून स्कायच्या उपग्रहसेवेवर ती कुलूपबंद. साध्या अँटेनावर ती फुकट मिळते, पण डोंगराआड अँटेना चालत नाही. त्यांच्यासाठी 2012 मध्ये सोरसॅट आली, मुद्दाम अरुंद झोताची, दुसऱ्याच उपग्रहावरून. म्हणजे शेजाऱ्याच्या वाहिन्या एका डिशवर, आणि स्वतःच्या देशाची बघायला या डोंगराआडच्या माणसाने आणखी एक सोय करायची.