सगळ्यात पुढे कोण? उमेदवारांच्या गर्दीत हा प्रश्न का फसवतो

निवडणूक सहा महिन्यांवर आली की भिवंडीत एकच सवाल सुरू होतो. तीनबत्तीच्या चहाच्या टपरीवर, वंजारपट्टी नाक्यावर, लूमच्या कारखान्यात पाळी बदलताना लोक विचारतात, "काय भाई, पुढे कोण आहे?" ज्याचे बॅनर मोठे, ज्याच्या मागे गाड्या जास्त, ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, तो पुढे असं आपण धरून चालतो. पण मैदानात पाच-सात तगडे उमेदवार असतील तर सुरुवातीला पुढे दिसणं आणि शेवटी जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कशा, ते समजून घेऊ.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे हा खेळ उघड्यावर चालतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे पक्षाचे नेते बंद खोलीत ठरवत नाहीत. आधी पक्षांतर्गत निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. एकेका राज्यात वेगवेगळ्या तारखांना मतदान होतं आणि हे काही महिने चालतं.

2016 साली रिपब्लिकन पक्षात 17 जण उभे होते. सुरुवातीला सगळ्यांची नजर जेब बुश यांच्यावर होती. वडील राष्ट्राध्यक्ष, भाऊ राष्ट्राध्यक्ष, स्वतः फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर. त्यांच्या समर्थकांनी पहिल्या काही महिन्यांतच 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त निधी जमवला. पण 20 फेब्रुवारी 2016 ला साउथ कॅरोलायनाचा निकाल लागला आणि त्याच रात्री बुश शर्यतीतून बाहेर पडले. त्या राज्यात डोनाल्ड ट्रम्प यांना साधारण 32 टक्के मतं होती. म्हणजे तिघांपैकी दोघांनी त्यांना मत दिलं नव्हतं. तरी राज्यातले सगळे 50 प्रतिनिधी ट्रम्प यांना मिळाले, कारण बाकीची मतं पाच जणांत वाटली गेली होती.

चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षात उलटा प्रकार झाला. मैदानात वीसपेक्षा जास्त उमेदवार होते. 2019 मध्ये बहुतेक पाहण्यांत जो बायडन पुढे होते. प्रत्यक्ष मतदान सुरू झालं तेव्हा ते आयोवात चौथे आले आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. लोक म्हणाले, संपला माणूस. मग 29 फेब्रुवारी 2020 ला त्यांनी साउथ कॅरोलायना जिंकलं. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. 3 मार्चला 14 राज्यांत मतदान झालं आणि त्यातली 10 राज्यं बायडन यांनी घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गर्दी तीच होती, पण 2020 मध्ये मागे पडलेले उमेदवार वेळेवर बाजूला झाले. 2016 मध्ये ते एकमेकांकडे बघत बसले. "तू बस, मी लढतो" यात वेळ गेला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे प्रायमरी नाही, तिकीट आहे. तिकीट मुंबईत नाही तर दिल्लीत ठरतं. महाराष्ट्रात एकदा हा प्रयोग झाला होता. 2014 च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडून मतदान करून उमेदवार निवडला. आपल्या राज्यात वर्धा आणि लातूर त्यात होते. वर्ध्यात सागर मेघे निवडले गेले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही मुख्य निवडणुकीत दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. त्या वर्षी लाटच वेगळी होती, त्यामुळे दोष फक्त पद्धतीला देता येणार नाही. पण पक्षाच्या आत पुढे असणारा बाहेरही पुढे असेलच असं नाही, हे दिसून आलं. पुढे हा प्रयोग रुजला नाही.

म्हणजे आपली गर्दी आधी गाळली जात नाही. ती थेट मतदान यंत्रावर येते. भिवंडी पश्चिमचा 2019 चा विधानसभेचा निकाल बघा. भाजपचे महेश चौघुले 58 हजारांच्या पुढे मतं घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या अपक्षाला जवळपास 44 हजार मतं होती, तिसऱ्या क्रमांकावरच्या काँग्रेसला 28 हजारांच्या आसपास. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज 72 हजारांच्या घरात जाते. 2024 मध्ये याच जागेवर समाजवादी पक्ष, काँग्रेस आणि एमआयएम असे तिघे स्वतंत्र उभे राहिले. चौघुले यांचं मताधिक्य 14 हजारांवरून 31 हजारांच्या पुढे गेलं.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. एक उमेदवार बसला असता तर त्याची सगळी मतं दुसऱ्याला गेलीच असती, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मतदार म्हणजे गोदामातले तागे नाहीत, की इथून उचलले आणि तिथे ठेवले. काही जण घरी बसतात, काही तिसरीकडे जातात. शिवाय तीन वेळा निवडून येणाऱ्याची स्वतःची ताकदही असतेच.

गर्दी असूनही पुढचा माणूस पडू शकतो, हेही भिवंडीनेच दाखवलं. 2024 च्या लोकसभेला कपिल पाटील दोन वेळचे खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री होते. त्यांच्यासमोर सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्या मामा, आणि अपक्ष नीलेश सांबरे होते. सांबरे यांनी तब्बल 2 लाख 31 हजार मतं घेतली. तरी म्हात्रे 66 हजारांनी जिंकले. तिसरा उमेदवार कुणाची मतं खातो, याचं उत्तर प्रत्येक निवडणुकीत वेगळं असतं.

अमेरिकेत आणि आपल्यात सगळ्यात मोठा फरक तारखेचा आहे. तिथे उमेदवार अर्ध्या शर्यतीत बाहेर पडू शकतो आणि पुढच्या राज्यातला मतदार नवा विचार करू शकतो. आपल्याकडे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की विषय संपला. त्यानंतर उमेदवाराने जाहीर सभेत दुसऱ्याला पाठिंबा दिला तरी त्याचं नाव आणि चिन्ह यंत्रावर राहतं आणि मतं पडतच राहतात. म्हणून समाजातल्या बुजुर्गांना, कारखानदारांना, तरुणांना जी काही चर्चा करायची आहे, ती या तारखेच्या आधी करायला हवी. मतदानाच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या मेसेजला काही अर्थ नसतो.

गर्दीवर दुसरा इलाजही आहे, पसंतीक्रम. न्यूयॉर्क महापौरपदाच्या 2025 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत 11 उमेदवार होते. सुरुवातीला माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो खूप पुढे होते आणि जोहरान ममदानी यांचं नाव पाहण्यांत एखाद्या टक्क्यावर होतं. मतदाराला पाच पसंती देता येत होत्या. ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी आपापल्या मतदारांना एकमेकांना पसंती द्यायला सांगितलं. ममदानी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये त्या शहराचे पहिले मुस्लिम महापौर म्हणून निवडून आले. आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात अशीच पसंती द्यावी लागते. विधानसभेला मात्र एकच बटण, एकच मत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "अमुक पुढे आहे" म्हणाला तर त्याला तीन गोष्टी विचारा. हे कोणत्या हिसाबावर म्हणतोस, बॅनरच्या की मागच्या निकालाच्या? त्याच्यासोबत त्याच मतांवर डोळा ठेवून आणखी कोण उभं आहे? आणि अर्ज मागे घेण्याची तारीख गेली का? मागचे निकाल निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर सगळ्यांना पाहता येतात. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलीला सांगा, दहा मिनिटांत काढून देतील. अंदाज लावण्याआधी तो कागद सगळ्यांनी मिळून वाचावा.