फोटो हजाराला गेला, छायाचित्रकाराला किती?

बालाघाट जिल्ह्यात छायाचित्रकाराला विषयांची वानवा नाही. मुक्कीच्या दारातून कान्हाच्या जंगलात शिरले की सालाची बने आणि गवताळ मैदाने लागतात. 1970 च्या गणनेत अवघ्या 66 वर आलेला बारशिंगा इथेच तगला. मलाजखंडची तांब्याची खाण आणि भरवेलीचे मँगनीज याच जिल्ह्यातले. यांपैकी कशाचाही फोटो स्टॉक एजन्सीकडे ठेवला, तर पाठ्यपुस्तकापासून पर्यटनाच्या पत्रकापर्यंत कुठेही खपू शकतो. प्रश्न आहे तो परत येणाऱ्या पैशांचा.

एजन्सी फोटो विकत नाही, वापरण्याचा परवाना विकते. छायाचित्रकाराला त्यातून ठरावीक टक्के मिळतात. मात्र एजन्सी स्वतःच सगळीकडे विकत नाही. परदेशी वितरक आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांच्याशी ती भागीदारी करते. समजा, ग्राहकाने भागीदाराला 1000 रुपये दिले. त्याने 400 ठेवून 600 एजन्सीला दिले आणि करारात छायाचित्रकाराचे 30 टक्के असले, तर ते बहुधा 600 वर धरले जातात. हाती येतात 180. मनात धरलेले असतात 300.

जानेवारी 2013 मध्ये याहून कडवा अनुभव आला. गेटी इमेजेस या एजन्सीने गुगलशी करार केला आणि गेटीच्याच आयस्टॉकवरचे हजारो फोटो गुगल ड्राइव्हच्या वापरकर्त्यांना मोफत मिळू लागले. बहुतेक छायाचित्रकारांच्या पदरी एका फोटोमागे फार तर 12 डॉलर पडले, तेही एकदाच. संतापलेल्या अनेकांनी 2 फेब्रुवारीला ठरवून आपले फोटो आयस्टॉकवरून काढले. पण ड्राइव्हवर गेलेले फोटो परत येणार नव्हते, कारण कराराचा अधिकार एजन्सीला त्यांनीच सहीनिशी दिला होता.

जून 2020 मध्ये शटरस्टॉक या दुसऱ्या एजन्सीने मोबदल्याची पद्धत बदलली. वाटा 15 ते 40 टक्के, वर्षभराच्या विक्रीनुसार. आणि 1 जानेवारीला पुन्हा सगळे तळाशी. किमान मोबदला 10 सेंट. 2023 मध्ये याच कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्या ओपनएआयशी सहा वर्षांचा नवा करार केला. यंत्राला शिकवण्यासाठी फोटोंचा अख्खा साठाच द्यायचा, तेव्हा एकेका फोटोची विक्री मोजायची कशी? त्यासाठी कंपनीने वेगळा निधी केला. त्याची वाटणी मात्र कंपनीच ठरवते. जानेवारी 2025 मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्रीकरण जाहीर केले. दुकाने कमी झाली की घासाघीस करण्याची छायाचित्रकाराची ताकदही घटते.

आपला कॉपीराइट कायदा इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. 2012 च्या दुरुस्तीने फोटोंच्या हक्काची मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत नेली. त्याच दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो करारानेही सोडून देता येत नाही. छायाचित्रकाराला तसे कवच नाही. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा म्हणतो. एजन्सीचे करार मात्र ‘जगभर’ लिहायला विसरत नाहीत.

तेव्हा सहीआधी चार गोष्टी पाहाव्यात: टक्के कोणत्या रकमेवर, भागीदारांना फोटो देण्यास नकार देता येतो का, यंत्रशिक्षणातून बाहेर राहता येते का आणि फोटो काढून घेतल्यावर जुने परवाने किती काळ चालतात. बारशिंग्याचा दुर्मीळ फोटो असेल, तर तो मोठ्या साठ्यात टाकण्याआधी प्रकाशकाला थेट विकून पाहावा. तिथे निदान किंमत आपण सांगतो.