कडीपाटाची दुरुस्ती

पुणे, सातारा, नाशिक येथील जुने वाडे असोत, इंदूर-बडोद्याकडील जुनी घरे असोत किंवा मुंबईच्या चाळी असोत, त्यांच्या माडीची जमीन बहुधा लाकडाच्या आधारावर असते. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा किंवा चुन्याचा थर, अशी ही कडीपाटाची रचना होय. याच कडीपाटाखाली कुटुंब निजते, मुले अभ्यासाला बसतात. म्हणून त्याच्या प्रकृतीची चौकशी वर्षातून एकदा तरी व्हावयास हवी.

लाकूड केवळ वयामुळे कुजते, हा समज बरोबर नाही. कुजणे हे बुरशीचे कार्य आहे आणि बुरशीला ओल लागते. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिले, तर बुरशी वाढत नाही. सागाचा गाभा टिकाऊ खरा. परंतु सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी लवकर खराब होते.

पहिला घाव बहुधा भिंतीत गेलेल्या टोकावर बसतो, कारण तेथे ओल मुरते आणि वारा पोहोचत नाही. माडीवर मागाहून केलेली मोरी, फुटलेले कौल व गळका नळ हीही नेहमीची कारणे आहेत. पाऊसकाळ संपताच कडीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज बद आला, टोच्या सहज आत शिरला किंवा लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटू लागले, तर कडी कुजली असे समजावे. चालताना जमीन दबत असेल तर वेळ दवडू नये.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पाण्याची वाट बंद करावी. त्यानंतर वरील सामान हलवून, खाली भक्कम फळीवर धिरे उभे करून पाचरीने आवळावेत. धिऱ्यांवाचून कडीला करवत लावू नये. कुजका भाग दिसतो त्याच्या पुढेही वीतभर कापून काढावा. मग जुन्या कडीच्या बाजूला तेवढ्याच उंचीची नवी वाळलेली कडी लावून, ती निरोगी लाकडावर सुमारे ६० ते ९० सेंटीमीटर पुढे नेऊन, जस्ताचा मुलामा दिलेल्या नटबोल्टांनी आवळावी. कुजणे मध्यापर्यंत गेले असेल, तर संपूर्ण कडी बदलणेच बरे. कारण भाराचा वाक मध्यावर सर्वांत अधिक असतो. नव्या टोकाखाली ओल न चढणारी बैठक द्यावी आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी. ती सिमेंटने लिंपून बंद करू नये. ओल्या लाकडावर तैलरंग देणेही अहितकारक, कारण आतील ओल आतच कोंडते.

लाकूडरक्षणाच्या शास्त्रात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे लाकूडरक्षक मिश्रण सिद्ध केले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्याने राहत्या खोल्यांसाठी बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण अधिक योग्य होय. ते पाण्याने धुऊन जाते, म्हणून गळती थांबविल्याविना त्याचा उपयोग नाही.

एखाद-दुसऱ्या कडीचे काम कुशल सुतार करू शकेल. मात्र तुळई कुजली असेल किंवा भिंत सरकली असेल, तर अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आज हे काम म्हाडाचे दुरुस्ती मंडळ पाहते. अशा इमारतींतील रहिवाशांनी तेथे लेखी अर्ज द्यावा. घर मालकीचे असो वा भाड्याचे, कडी मोडते तेव्हा ती हा भेद करीत नाही. म्हणून मालक व भाडेकरू यांनी खर्चाचा वाद मागाहून मिटवावा. धिरे मात्र आजच लावावेत.